आत बसा, बाहेर नको

लहान मुलांच्या थेरपीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं, तर आलेल्या पत्रांत निम्मा मजकूर सासूबाई काय म्हणाल्या आणि शेजारच्या काकूंच्या भाच्याला कशाने फरक पडला याचाच निघाला. तो गाळला आहे. नावंही काढली आहेत. आपल्याकडे गावाचं नाव छापलं की लोक घर ओळखतात, म्हणून पत्त्यात तालुक्याशी थांबले. मी जळगावात मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपी करते. उत्तरं सतरंजीवर बसून दिली आहेत असं समजा, आमचं सगळं काम तिथेच चालतं.

प्रश्न : मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. ‘मम्मी’, ‘बाबा’ सोडून काही बोलत नाही. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ओटी, स्पीच, ओपीडी’ एवढंच लिहून दिलं. म्हणजे काय? ॲडमिट करावं लागतं का? पहिल्या दिवशी सोबत काय न्यायचं? (एक आई, अमळनेर तालुका)

ताई, ॲडमिट वगैरे काही नाही. ठरलेल्या वेळी यायचं, पाऊण तास ते तासभर काम करायचं आणि घरी जायचं. ओटी म्हणजे आमची ऑक्युपेशनल थेरपी. हाताने जेवणं, बटण लावणं, एका जागी बसून खेळणं, मिक्सरच्या आवाजाला न बिथरणं, अशी रोजची कामं मुलाला जमावीत हा तिचा उद्योग. स्पीचमध्ये बोलणं येतंच, पण त्याच्याही आधी समजणं, तोंडाकडे बघणं, बोट दाखवून मागणं येतं. चावायला-गिळायला त्रास असेल तर तोही स्पीचवालेच बघतात. मान धरणं, बसणं, चालणं, तोल हे फिजिओचं. प्रत्यक्षात या हद्दी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे ‘हे माझं काम नाही’ असं म्हणणाऱ्यापेक्षा दुसऱ्या थेरपिस्टला फोन लावणारा माणूस बरा.

तारीख मिळेपर्यंत एक काम उरकून घ्या : कानांची तपासणी. ‘टाळी वाजवली की वळतो’ हे मला रोज ऐकायला मिळतं. ताट पडल्याचा दणका ऐकू येतो पण ‘स’, ‘फ’ असे बारीक ध्वनी ऐकूच येत नाहीत, अशीही मुलं असतात. ती वळतात, पण बोलत नाहीत. ओएई आणि बेरा या दोन तपासण्या आहेत, दोन्ही दुखत नाहीत. बेरा मूल झोपलेलं असताना करतात, त्यासाठी काहींना झोपेचं औषध द्यावं लागतं. लहानपणी कावीळ खूप वाढली होती, पेटीत ठेवावं लागलं होतं, मेंदूज्वर झाला होता, यातलं काही असेल तर ही तपासणी टाळूच नका.

पहिल्या दिवशी जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, झालेल्या सगळ्या तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी घेऊन या. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का, वजन किती होतं, झटके आले होते का, मान कधी धरली, कधी बसलं, कधी चाललं, हे मी विचारणारच. घरून आठवून या. माझ्यासमोर नवरा-बायकोचं ‘सातव्या महिन्यात बसला’, ‘नाही, नवव्या’ असं सुरू झालं की दहा मिनिटं जातात. आणि मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ काढून आणा : जेवताना, एकटा खेळताना, दुसऱ्या मुलांत असताना, चिडल्यावर. नव्या खोलीत मूल घरचं रूप दाखवत नाही. घरी तो दाराच्या कडीशी तासभर खेळत असेल तर मला ती कडी बघायची आहे.

मुलाला उपाशी आणू नका, झोपेच्या वेळेची अपॉइंटमेंट घेऊ नका. गाडीने येत असाल तर तिच्या उशिराचा हिशेब धरून वेळ मागा. आवडतं खेळणं आणि नेहमीचा खाऊ पिशवीत असू द्या. दिवसभर मुलाबरोबर जे माणूस असतं तेही हवं. तुम्ही शेतात जात असाल आणि आजी सांभाळत असतील, तर आजींना आणा. वडिलांनी गाडी लावून बाहेर फोनवर बोलत बसायचं, ही आपल्या भागातली जुनी रीत आहे. ती मोडली तर बरं होईल.

पहिले एक-दोन दिवस बहुतेक निरीक्षणातच जातात. ‘नुसतं खेळवलं आणि पैसे घेतले’ अशी तक्रार होते, पण खेळताना तो कुठे अडतो हेच आम्ही बघत असतो. तो रडेल. अनोळखी बाईने हात धरला तर दोन वर्षांचं मूल रडणारच. तीन-चार आठवड्यांनंतरही दारातच आक्रोश होत असेल, तर काहीतरी बदलायला हवं, आणि ते थेरपिस्टने बदलायचं, मुलाने नव्हे.

आता मुद्द्याचं. आठवड्यातून दोन वेळा आलात तर दोन तास माझे, बाकी जागेपणीचे सगळे तास तुमचे. दोन तासांत मी मूल घडवू शकत नाही, पण तुम्हाला शिकवू शकते. म्हणून आत बसा. मी करून दाखवते, मग तुम्ही माझ्यासमोर करायचं आणि मी चुका काढायच्या. घरी न्यायची वस्तू ती आहे. कधी कधी आई समोर असली की मूल हट्ट सोडत नाही. तेव्हा मी आईला दहा मिनिटं बाहेर पाठवते, पण का ते सांगून, आणि नंतर काय केलं ते दाखवते. महिनोन् महिने दार बंद ठेवून ‘झालं, घेऊन जा’ म्हणणाऱ्या जागी कारण विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरी जागा बघा.

तीन महिन्यांत काय व्हायला हवं ते कागदावर लिहून मागा. ‘सुधारणा होईल’ ही काही लिहून घ्यायची गोष्ट नाही. ‘एका हाताने वाटी धरून, दुसऱ्या हाताने बट्टी कुस्करून वरणात कालवेल आणि निम्मं जेवण स्वतः जेवेल’ असं लिहा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. बट्टी कुस्करायला बोटांत जोर लागतो, दोन्ही हातांना वेगवेगळी कामं करावी लागतात आणि गरम तुपाचा हाताला होणारा स्पर्श सोसावा लागतो. माझ्या कपाटातल्या महागड्या खेळण्यांपैकी अर्धी खेळणी एवढं काम करत नाहीत. चिमटीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या. मात्र चार वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात अख्खा शेंगदाणा जाऊ देऊ नका, तो श्वासनळीत अडकतो.

तारीख लांबची मिळाली तरी घरी आजपासून सुरुवात होते. त्याने मागायच्या आधीच हातात देऊ नका. ‘केळं की बिस्कीट?’ असं दोन्ही दाखवून विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. ही वाट बघणं आयांना सगळ्यांत जड जातं. त्याने बघितलं, हात पुढे केला, ‘के’ म्हणाला, काहीही चालेल, लगेच द्या. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून बोला. मोबाइल बंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाखाली स्क्रीन अजिबात नको, दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, आणि तोही कमी तितका चांगला. जेवताना तर नकोच.

‘हा ऑटिझम आहे का’ हा प्रश्न पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिला आहे. पत्रावरून ते सांगता येत नाही आणि सांगूही नये. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांनी मुलाला नीट वेळ देऊन बघावं लागतं. पण निदानाचा कागद यायची वाट बघत थेरपी थांबवून ठेवायचं कारण नाही.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे. पाय कडक, टाचा टेकत नाहीत, धरलं तर उभी राहते. एका ठिकाणी सांगितलं की रोज यावं लागेल, तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आधी, चालायची गॅरंटी. केळीची बाग सोडून रोज जाणं जमत नाही. एका पाहुण्याने स्टेम सेलचं सुचवलं आहे. काय करावं? (एक वडील, रावेर तालुका)

दादा, गॅरंटी हा शब्द ऐकला की उठून यायचं. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण पुसलीही जात नाही. मूल पुढे किती आणि कसं चालेल हे इजा किती आणि कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं. दोन वर्षांची असताना आधाराशिवाय बसत होती का, आता स्वतः सरकते का, यावरून अनुभवी माणूस अंदाज देतो. अंदाजच.

रोज जाण्याबद्दल. रावेरहून रोज ये-जा केली तर मुलीचा दिवस गाडीत जाईल आणि पोचेपर्यंत ती थकलेली असेल. महिन्यातून दोनदा या, पण तासाऐवजी दोन तास मागा, घरी करायचं व्हिडिओत टिपून घ्या आणि मधल्या आठवड्यात फोनवर व्हिडिओ पाठवून विचारा. अशी व्यवस्था मी अनेकांबरोबर करते. नवं काही सुरू केलं असेल, प्लास्टर सुटलं असेल किंवा पायात इंजेक्शन दिलं असेल, तर काही आठवडे जास्त वेळा यावं लागतं. एरवी जे काम मुलीला स्वतः करायचं आहे त्याचा घरी रोज सराव झाला, तर तो पाय नुसते ओढून ताणण्यापेक्षा जास्त कामाचा. ओट्याला धरून उभं राहायचं आणि वर ठेवलेलं केळं घ्यायचं. बाजेच्या कडेने दोन पावलं आजोबांपर्यंत जायचं. त्यात तिचे पाय, डोकं आणि इच्छा तिन्ही कामाला लागतात.

गावात मालीशवाली असेल, हाडं बसवणारा असेल. अंगाला तेल लावा, मुलीला बरं वाटत असेल तर चांगलंच. पण कडक पाय झटक्याने ओढू देऊ नका.

एक गोष्ट कुणी सांगितली नसेल म्हणून ठासून सांगते : खुब्याचा एक्स-रे. ज्या मुलांना अजून स्वतः चालता येत नाही, त्यांचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकू शकतो, आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळतच नाही. मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि किती महिन्यांनी एक्स-रे काढायचा ते ठरवून घ्या. पायांचा कडकपणा कमी करायची इंजेक्शनं, प्लास्टर, स्प्लिंट (पायाला आधार देणारा प्लास्टिकचा साचा) हेही त्यांच्याशी बोलून ठरतं. एकटा थेरपिस्ट ते ठरवू शकत नाही.

स्टेम सेलसाठी जमीन विकू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे ठरावीक आजार आणि तशा मोजक्या गोष्टी सोडल्या, तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. सेरेब्रल पाल्सी त्यात बसत नाही. आणि संशोधन म्हणून कुणी करत असेल, तर त्यात पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात.

फी ठरवताना पॅकेजला सरसकट नाही म्हणू नका, कधी ते स्वस्त पडतं. पण महिनाभरापेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. मूल आजारी पडून खाडा झाला तर पैसे जातात का, पावती मिळते का, रोज तोच थेरपिस्ट असेल की बदलत राहील, हे आधी विचारा. आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात फिजिओ आणि ओटीची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, ती १९९२ च्या कायद्याने झालेली आहे. केळीचा व्यापारी नवा असला की तुम्ही चार ठिकाणी चौकशी करता, मग इथे का नाही?

प्रश्न : घरात आम्ही सगळे अहिराणी बोलतो. सून शहरातली आहे, ती मराठी बोलते. नातू तीन वर्षांचा, उशिरा बोलायला लागला, आता कुठे दोन शब्द जोडतो. थेरपीत म्हणे सांगितलं की घरात एकच भाषा ठेवा, म्हणून सून मला त्याच्याशी अहिराणी बोलू देत नाही. मी गप्प राहू का? (एक आजी, साक्री तालुका)

आजी, मुळीच गप्प राहू नका. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मुकं राहत नाही की उशिराही बोलत नाही. ज्याला उशीर व्हायचा असतो त्याला एका भाषेतही होतो. ऑटिझम किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवरही अभ्यास झाले आहेत, त्यांतही दुसऱ्या भाषेने नुकसान झालेलं दिसलं नाही. ‘एकच भाषा’ हा सल्ला जुना आहे. अजून दिला जातो, देणाऱ्याचा हेतूही चांगला असतो.

नातू ‘काय करी ऱ्हायना?’ ऐकून तुमच्याकडे वळून हसत असेल, तर ते बोलणं शिकणंच आहे. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. ‘पोऱ्या’ आणि ‘मुलगा’ दोन्ही येत असतील तर दोन शब्द. सुनेशी भांडू नका, ती बिचारी सांगितलेलं पाळते आहे. पुढच्या वेळी तिच्याबरोबर तुम्हीच जा, घरात रोज बोलले जाणारे वीस-पंचवीस अहिराणी शब्द लिहून न्या आणि म्हणा, हेही धरा. चांगला थेरपिस्ट खूश होईल. खरा घोटाळा मोबाइलवरच्या हिंदी-इंग्रजी कार्टूनचा आहे, कारण कार्टून त्याच्या उत्तराची वाट बघत नाही. तुम्ही बघता. कानबाईची गाणी येत असतील तर म्हणा, आणि ओळीचा शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडा. भिली, पावरी, लेवा गणबोली बोलणाऱ्या घरांनाही हेच उत्तर.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत चार वर्षांचा एक मुलगा आहे, नीट चालत नाही, बोलणं अस्पष्ट. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. खासगी थेरपी शक्यच नाही. (अंगणवाडी सेविका, अक्कलकुवा तालुका)

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण पुढच्या भेटीची वाट न बघता पथकातल्या डॉक्टरांना फोन करा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागा. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी तिथली तपासणी आणि थेरपी मोफत असते.

दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त लागते. ‘शिक्का बसेल’ म्हणून आई-वडील मागे हटतात. त्यांना सांगा की एसटीच्या सवलतीपासून शाळेपर्यंत पुढची सगळी दारं या कागदाने उघडतात. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुदिव्यांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घाला. वर्षाला एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण आहे आणि त्यात बाहेरून घेतलेली थेरपीही येते. आपल्याकडे या योजनेचे फॉर्म फार थोडे भरले जातात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

हे सगळं ते गाव सोडायच्या आत व्हायला हवं. निघताना, मुलाकडून तिकडे करून घ्यायच्या तीन गोष्टी, तीनच, त्यांच्या फोनमध्ये व्हिडिओ करून द्या. कागद उसाच्या फडात टिकत नाही.

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचं, अजून रांगत नाही. वॉकरमध्ये बसवलं तर पाय लवकर मोकळे होतील का? (चोपडा तालुका)

नाही. वॉकरने चालणं लवकर येत नाही, उलट उंबऱ्यावरून, पायरीवरून मुलं डोक्यावर पडतात. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल बसत नाही, स्वतः उभं राहून ढकलतं. पण ते उभं राहायला लागल्यावर, आणि कुणी सोबत असताना. काही मुलं रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात, त्यामुळे नुसत्या रांगण्यावरून घाबरू नका. बाळ आधाराशिवाय बसतं का ते बघा. बसत नसेल, किंवा एकच हात वापरत असेल, तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : आखाजीला (अक्षय तृतीयेला) मी माहेरी जाते, पुढे मे महिना तिथेच असते. मुलगा पाच वर्षांचा, वर्षभर थेरपी चालू आहे, पायात स्प्लिंट आहेत. महिनाभर बंद ठेवलं तर केलेलं वाया जाईल का? शिवाय या उन्हात स्प्लिंट घालायचे कसे? (भुसावळ तालुका)

वाया जात नाही, जरूर जा. मामाच्या घरी मुलं मुलांच्या मागे धावतात, झोक्यावर बसतात, आंब्याची कोय चोखतात. तोल, हातांची पकड आणि ओठ-जिभेचं काम तिथे न सांगता होतं. जायच्या आधी थेरपिस्टला विचारा की यातलं काय चालेल आणि काय नको. झटके येत असतील तर औषधाचा पूर्ण महिन्याचा साठा बरोबर ठेवा आणि पाणी वेळेवर पाजा. महिना संपताना पुढची तारीख आधीच घेऊन ठेवा, जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वेळा मिळत नाहीत.

स्प्लिंट ४४ अंशांत दुपारी बाराला घालायचा हट्ट नको. घालायचे एकूण तास थेरपिस्टशी बोलून सकाळी लवकर आणि संध्याकाळी विभागून घ्या. आत सुती, गुडघ्यापर्यंतचा, शिवण न बोचणारा मोजा हवा आणि तो दिवसातून दोनदा बदलायचा. स्प्लिंट रोज ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. अंगणात किंवा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवला तर प्लास्टिक वाकतं, मग तो पायात बसत नाही. काढल्यावर कातडीवर लाल ठसा दिसेल, तो वीस-पंचवीस मिनिटांत जायला हवा. राहिला, किंवा फोड आला, तर स्प्लिंट बाजूला ठेवा आणि ज्याने बनवला त्याला पायाचा आणि स्प्लिंटचा असे दोन्ही फोटो पाठवा. बहुतेक वेळा एका कडेला जरा घासून काम भागतं.